निपाणीत पहिला लघुपट करताना : कॅमेऱ्याआधी कान

आमच्या मंडळाकडे हल्ली तरुण मुलामुलींचा एक प्रश्न वारंवार येतो. "आम्हाला शॉर्ट फिल्म करायची आहे. मोबाईल चांगला आहे. सुरुवात कुठून करू?" विचारणाऱ्यांत कॉलेजची मुले असतात, दुकानावर बसणारे असतात, शिक्षक असतात, कधी एखादी गृहिणीही असते. बहुतेकांच्या मनात गोष्ट तयार असते आणि ती पुण्यामुंबईत घडणारी असते. संवाद मालिकांतल्या भाषेत असतात. गल्ली, वखार, बाजार, महामार्ग यांपैकी काहीच त्यात नसते.

हा लेख त्या सगळ्यांसाठी एकत्रित उत्तर म्हणून लिहीत आहोत. यातली तांत्रिक माहिती उपयोगी पडेलच, पण मुख्य सांगणे एवढेच आहे की पहिला लघुपट लहान असावा, जवळचा असावा, आणि आधी नीट ऐकून मग चित्रित केलेला असावा. या गोष्टीला आपल्याच गावातला दाखला आहे. तो अनेकांना माहीत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

निपाणीवरचा १९८२ चा चित्रपट

१९८० साली बंगळूरमध्ये दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज काँट्रॅक्टर यांनी 'युगांतर' नावाचा एक चित्रपट गट सुरू केला. स्त्रियांच्या जगण्यावर त्यांच्याच सहभागातून चित्रपट करायचे, असा त्यांचा विचार होता. पहिला चित्रपट पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या स्त्रियांवर होता. १९८१ च्या त्या चित्रपटाचे नावच 'मोलकरीण'. त्यानंतर ही मंडळी निपाणीला आली आणि तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांवर त्यांनी 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा चित्रपट केला. साल १९८२, लांबी साधारण २५ मिनिटे, १६ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म.

नवशिक्यांनी यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे कामाची पद्धत. ही मंडळी कॅमेरा घेऊन आली आणि दोन दिवसांत परत गेली, असे झाले नाही. त्यांनी काही महिने इथल्या कामगार बायकांच्या सहवासात काढले. काम कसे चालते, धुळीने काय होते, मजुरी कशी मिळते, संघटना कशी उभी राहिली, हे त्यांच्याच तोंडून ऐकून घेतले. काय दाखवायचे आणि कसे दाखवायचे, हे त्यांच्याशी बोलून ठरवले. म्हणून त्या चित्रपटात बायका स्वतःबद्दल स्वतः बोलतात. पुढे बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेत युगांतरच्या चित्रपटांचे डिजिटल पुनरुज्जीवन झाले आणि ते नव्या पिढीपुढे आले.

आपल्या गावातल्या आयाबायांचा आवाज जपला गेला, याचा आनंद आहेच. पण तो बाहेरून आलेल्या लोकांनी टिपला. त्याला आता चाळीस वर्षांहून अधिक काळ झाला. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांचे आंदोलन पुणे-बंगळूर महामार्गावर झाले आणि ६ एप्रिलला गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. त्या वेळी विशीत असलेली माणसे आज साठी ओलांडून गेली आहेत. वखारीत उमेदीने काम केलेल्या कित्येक जणी आज घरी बसून आहेत. त्यांच्या आठवणी, त्यांची बोली, हातांच्या लकबी टिपायला पुन्हा बाहेरून कोणी येईल, याची वाट पाहत बसण्याइतका वेळ आपल्याकडे नाही. आज प्रत्येक घरात कॅमेरा आहे.

सुरुवात सगळ्यांची लहानच

'आपल्याकडे साधने नाहीत' ही तक्रार जुनी आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. फिल्म धुवायला परत लंडनला पाठवावी लागली. विषय मात्र आपल्या मातीतला, दोन पैलवान आणि एक डाव.

दादासाहेब फाळके यांनीही 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) करण्याआधी एक चिमुकला चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि रोप वाढत जाईल तसतसे थोडे थोडे चित्रण केले. 'अंकुराची वाढ' या नावाचा तो चित्रपट त्यांनी ओळखीच्या लोकांना दाखवला. तो पाहून त्यांना पुढच्या कामासाठी कर्ज मिळाले. नट नाही, वेशभूषा नाही, संवाद नाही. कुंडी, एक दाणा आणि धीर एवढ्यावर काम भागले.

आपल्याला तर कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. तिथे बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी स्वतः कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये वारले, तरी बाबूरावांनी काम सोडले नाही. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली आला. सुट्या भागांपासून कॅमेरा तयार करणाऱ्या माणसांचा हा मुलूख आहे. 'माझा मोबाईल जुना आहे' हे कारण इथे शोभत नाही.

विषय कसा निवडावा

एक माणूस, एक काम, एक बदल. पहिल्या लघुपटाला एवढे पुरते. लांबी पाच ते सात मिनिटे धरा. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असतो. तेव्हा सात पानांच्या पुढे लेखन गेले की कात्री लावायला घ्या.

गोष्ट तीन वाक्यांत सांगून पाहा. कोण आहे? त्याला किंवा तिला काय हवे आहे? शेवटी काय वेगळे झाले? तीन वाक्यांत बसत नसेल तर तो मोठ्या चित्रपटाचा विषय आहे, तो वहीत लिहून ठेवा.

उदाहरण घेऊ. बिडी वळणारी एक आजी. तेंदूची पाने भिजवणे, पत्र्याच्या मापावर धरून कात्रीने कापणे, तंबाखू घालून वळणे, टोक दुमडणे, दोरा बांधणे. या हालचाली बघतानाच डोळे खिळतात. पण नुसते काम दाखवले तर ती माहिती होते. त्यात एक हवे-नको आले की गोष्ट होते. बिडीची मजुरी हजारावर मोजतात. आज संध्याकाळपर्यंत आजीला हजार पुरे करायचे आहेत, कारण उद्या नातीची फी भरायची आहे. आणि नेमके आज तिचे बोट दुखते आहे. हजार पुरे होतात का? किती बिड्या नापास होऊन बाजूला पडतात? नात शाळेतून आल्यावर काय करते? पाच मिनिटांचा लघुपट तयार झाला. यात नट एक किंवा दोन, जागा एक घर, वेळ एक दिवस.

असे विषय गल्लोगल्ली आहेत. रोज सीमा ओलांडून अर्जुननगरला देवचंद कॉलेजात जाणारी मुलगी कर्नाटकात झोपते आणि महाराष्ट्रात शिकते. तवंदी घाटाच्या तोंडाशी रात्रभर चहा विकणारा माणूस. दोन भाषांत पाट्या रंगवणारा पेंटर. जे रोज दिसते त्याकडे दहा मिनिटे थांबून बघा, गोष्ट सापडते. मात्र हंगामाचे भान ठेवा. शेतात उभे तंबाखूचे पीक दाखवायचे असेल तर ऐन उन्हाळ्यात कॅमेरा घेऊन जाण्यात अर्थ नाही.

बोली जशी आहे तशी

निपाणीची मराठी पुस्तकी नाही. तिच्यात कोल्हापूरचा हेल आहे आणि कानडीचे शब्द सहज येतात. एकाच घरात आई मराठीत बोलते, शेजारीण कानडीत उत्तर देते, आणि दोघींचेही अडत नाही. कॅमेरा सुरू झाला की मात्र आपली मुले एकदम "आपण इथे काय करीत आहात?" असे बोलू लागतात. ऐकणाऱ्याला ते लगेच खोटे वाटते.

यावर सोपा उपाय आहे. संवाद लिहून पाठ करायला देऊ नका. प्रसंग समजावून सांगा, कोणाला काय हवे आहे ते सांगा आणि त्यांच्या शब्दांत बोलू द्या. दोनतीन वेळा बोलून झाल्यावर जे चांगले आले ते कागदावर घ्या. एखादे पात्र कानडी बोलत असेल तर बोलू द्या आणि खाली मराठी सबटायटल द्या. तसेच पूर्ण लघुपटाला कानडी सबटायटलही करा. चिकोडी, हुक्केरी, गोकाकच्या प्रेक्षकालाही तंबाखूची धूळ ठाऊक आहे. राज्यपुनर्रचनेचा वाद आपल्या जागी आहे, पण शेजाऱ्याला आपली गोष्ट कळावी यात कमीपणा कसला?

परवानगी आणि जबाबदारी

हा भाग लोक वगळतात, म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो. एखाद्या बिडी कामगार बाईने कॅमेऱ्यासमोर मजुरीबद्दल काही सांगितले आणि ते गावभर फिरले, तर तुम्हाला लाईक मिळतील, तिचे मात्र काम जाऊ शकते. म्हणून चित्रण करण्याआधी किमान दोनतीन वेळा मोबाईल खिशात ठेवूनच भेटायला जा. चहा घ्या, ऐका, मग विचारा. "आक्का, तुमचं काम आम्ही शूट करू का? कुठं कुठं दाखवणार ते आधी सांगतो. नको वाटलं तर नको म्हणा." होकार साध्या मराठीत एका कागदावर घ्या. वाचता येत नसेल तर तो वाचून दाखवा आणि होकार आवाजात नोंदवा.

चेहरा नको असेल तर हात दाखवा, सावली दाखवा, पाठ दाखवा. खरी हकिकत सांगणे धोक्याचे असेल तर तीच गोष्ट काल्पनिक पात्राच्या तोंडी द्या. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारल्याशिवाय एकही दृश्य घेऊ नका. वखार, दुकान, देवस्थान किंवा बसस्थानक असेल तर मालकाची वा व्यवस्थापनाची परवानगी लेखी घ्या.

मोबाईलची मांडणी

आता तांत्रिक गोष्टी. सविस्तर शिकायला वेळ लागेल, पण पुढील सहा गोष्टी सांभाळल्या तर निम्म्या चुका टळतात.

१. मोबाईल आडवा धरा आणि तिपाईवर ठेवा. तिपाई नसेल तर विटा, डबा, वाळूची पिशवी चालते.

२. फोन फ्लाइट मोडवर टाका. ऐन दृश्यात आलेला फोन सगळे बिघडवतो.

३. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते आणि चित्रावर पट्टे सरकतात. यासाठी सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. फोनमध्ये ३० फ्रेमच मिळत असतील तरी शटर १/५० किंवा १/१०० ठेवल्यास पट्टे जातात. मूळ कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप वापरून पाहा.

४. फोकस आणि उजेड कुलूपबंद करा. पडद्यावर बोट दाबून धरले की बहुतेक फोनमध्ये ते होते. नाहीतर माणूस हलला की चित्र उजळते-मावळते.

५. झूम करू नका. जवळचे दृश्य हवे असेल तर दोन पावले पुढे जा.

६. फुल एचडी पुरेसे आहे. फोननुसार मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जागा लागते. एका दिवसात दोन तासांचे चित्रण झाले तर १५ जीबी सहज भरतात. आदल्या रात्री फोन रिकामा करा.

प्रकाशासाठी खर्च नको. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी चारनंतरचे ऊन मऊ असते. घरात चित्रण असेल तर माणसाला खिडकीच्या बाजूला बसवा, खिडकी त्याच्या पाठीमागे येऊ देऊ नका. सावलीची बाजू फार काळी वाटली तर समोरून पांढरी चादर धरा.

आवाज

पहिल्या लघुपटात चित्र थोडे कमी पडले तर प्रेक्षक सांभाळून घेतो. आवाज कळला नाही तर तो उठून जातो. फोनचा स्वतःचा माईक सहा फुटांवरून बोलणे पकडतो खरा, पण त्यासोबत पंखा, कुकर आणि महामार्गावरचे ट्रकही पकडतो.

कॉलर माईक मिळाला तर उत्तम. नसेल तर दुसरा फोन घ्या, त्यावर आवाज नोंदवायला लावा आणि बोलणाऱ्याच्या खिशात किंवा पदराआड ठेवा. दृश्य सुरू होताना कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजवा. संकलनात टाळीचे चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की पुढचे सगळे जुळते. चित्रण सुरू असताना पंखा आणि फ्रिज बंद ठेवा. फ्रिज पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून घरमालकिणीची किल्ली फ्रिजवर ठेवा.

प्रत्येक जागेचा अर्धा मिनिट शांत आवाजही नोंदवून घ्या. कोणी बोलायचे नाही, हलायचे नाही. दोन वाक्यांमधली फट भरायला तो उपयोगी येतो. शिवाय कात्रीची कचकच, चाळणीचा आवाज, सुपातली पाने, लांबून येणारा एसटीचा हॉर्न हे वेगळे नोंदवा. डोळे मिटले तरी गाव ओळखू यावे, इतका आवाज जमला पाहिजे.

चित्रणाचा दिवस

चार-पाच माणसे पुरेत. एक दिग्दर्शक, एक कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, आणि एक जण वही घेऊन. वहीवाल्याने कोणते दृश्य कितव्यांदा घेतले आणि त्यातले कोणते चांगले आले, हे लिहायचे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण संकलनाला बसल्यावर त्याची किंमत कळते.

दृश्यांची यादी आधी करा. प्रत्येक प्रसंगाचे लांबचे, मधले आणि जवळचे अशी तीन दृश्ये घ्या. हातांची, पायांची, वस्तूंची दृश्ये जास्त घ्या, कारण जोडताना अडले की तीच वाचवतात. एका दिवसात दहा-बारा दृश्ये नीट झाली तरी खूप. जेवणाची सोय पहिल्यांदा ठरवा. भुकेल्या माणसांकडून चांगले काम होत नाही, आणि फुकट काम करणाऱ्या मित्राला जेवणही मिळाले नाही तर तो दुसऱ्या लघुपटाला येत नाही.

संकलन, संगीत आणि कायदा

चित्रण झाले की त्याच रात्री दोन ठिकाणी प्रत ठेवा, एक संगणकावर आणि एक वेगळ्या हार्ड डिस्कवर. संकलनासाठी डाविंची रिझॉल्व्ह मोफत मिळते. संगणक नसेल तर मोबाईलवरची ॲप चालतात. आधी फक्त गोष्ट कळेल असा कच्चा जोड करा. आठवडाभर बाजूला ठेवा. मग ज्याला गोष्ट ठाऊक नाही अशा माणसाला दाखवा. तो कुठे मोबाईल बघतो ते पाहा, तिथे कापा. सात मिनिटांचे पाच झाले तर वाईट वाटून घेऊ नका.

सिनेमाचे गाणे वापरायचा मोह टाळा. ध्वनिमुद्रण आणि चित्रपटांवर आपल्या कायद्यात प्रकाशनानंतर ६० वर्षे हक्क असतो. गीत आणि चाल यांवर तर रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. म्हणून जुने गाणेही आपोआप मोकळे होत नाही. गावात हलगी, पेटी, तबला वाजवणारे आहेत. त्यांच्याकडून दोन मिनिटे वाजवून घ्या आणि नाव श्रेयात द्या. सार्वजनिक खेळ करायचा असेल तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. जाहीर कार्यक्रम ठरवण्याआधी जाणकाराचा सल्ला घ्या.

पहिला खेळ कुठे

स्पर्धांची घाई करू नका. पहिला खेळ ज्यांच्यावर लघुपट केला त्यांच्या घरात करा. आजीच्या पडवीत पांढरी चादर बांधा, शेजारणींना बोलवा. त्यांना जे खोटे वाटेल ते बदला. त्यांनी "हे काढा" म्हटले तर काढा. त्यानंतर शाळा, मंडळ, महोत्सव.

शेवटी जतन. फाईलला 'फायनल', 'फायनल २' असली नावे देऊ नका. लघुपटाचे नाव, गाव आणि साल लिहा. सोबत एका कागदावर कोण बोलले, कोणती गल्ली, कोणत्या महिन्यात चित्रण झाले, कोणाची परवानगी घेतली, हे नोंदवा. मूळ, न कापलेले चित्रणही टाकून देऊ नका. तुमच्या पाच मिनिटांत न बसलेल्या आजीच्या एका तासाच्या बोलण्यात आपल्या गावाचा बराच इतिहास असेल, आणि वीस वर्षांनी तोच कोणीतरी शोधत येईल. लघुपट तयार झाला की एक प्रत मंडळाकडे जरूर द्यावी, आम्ही ती जपून ठेवू. आणि ज्यांना अजून विषय सापडलेला नाही, त्यांनी या रविवारी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ तासभर बसावे. मोबाईल मात्र खिशातच असू द्यावा.